७२० नॅनोमीटर: काळ्या पाण्यावरचा गोल पांढुरका डाग लेन्सचा आहे की बदललेल्या कॅमेऱ्याचा?

उपवनकाठी (ठाणे)

नमस्कार मंडळी,

मागच्या दिवाळीच्या आधी मी माझा जुना डीएसएलआर अवरक्त छायाचित्रणासाठी बदलून घेतला. सेन्सरपुढची अवरक्त किरणे अडवणारी काच काढून त्या जागी ७२० नॅनोमीटरचा, म्हणजे साधारण त्याहून लांब तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडणारा फिल्टर बसवला आहे, त्यामुळे लेन्सच्या तोंडावर वेगळा फिल्टर लावावा लागत नाही आणि कॅमेरा हातात धरूनही छायाचित्रे घेता येतात. येऊरच्या पायथ्याशी राहत असल्यामुळे झाडांची वानवा नाही. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या धुतलेल्या उन्हात उपवन तलावाच्या काठावरून जी छायाचित्रे मिळाली, ती पाहून पहिले काही दिवस मी हरखून गेले होते. पलीकडच्या टेकडीवरची झाडी कापसासारखी पांढरी आणि तलावाचे पाणी शाईसारखे काळे, असे ते दृश्य होते.

अडचण त्या काळ्या पाण्यातच आहे. चौकटीच्या बरोबर मधोमध एक गोल पांढुरका डाग येतो. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर तो जाणवत नाही, पण घरी येऊन संगणकावर छायाचित्र उघडले आणि काळा रंग थोडा गडद केला की पाण्यावर कोणीतरी आरशाचा कवडसा टाकावा तसा तो उठून दिसतो. ५० मिमी एफ/१.८ लेन्सवर तो जास्त आहे आणि कॅमेऱ्याबरोबर आलेल्या १८-५५ मिमी झूमवर बराच कमी. सूर्य पाठीशी असला तरी तो येतोच, म्हणून समोरून येणाऱ्या उन्हाची ही झळाळी नसावी, असे मला वाटते.

५० मिमी लेन्स मी एका दुकानात दाखवली. पावसाळ्यात आत बुरशी धरली असेल, असे सांगून तिथे ती साफ करून दिली आणि नऊशे रुपये घेतले. डाग मात्र होता तिथेच आहे.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा दोष लेन्सचा आहे की बदललेल्या कॅमेऱ्याचा? पाण्यावर आणि आकाशावर इतका स्पष्ट दिसणारा डाग झाडीवर जवळजवळ का दिसत नाही? आणि आधीच घेतलेल्या दोनशेच्या आसपास छायाचित्रांतून तो काढता येईल का?

---

खारघरचा डोंगर

ताई, या डागाला सगळे हॉटस्पॉट म्हणतात, आणि तुम्ही केलेल्या वर्णनावरून तो तोच आहे याविषयी मला शंका नाही. बुरशीमुळे आलेला धूसरपणा नेहमीच्या प्रकाशातही दिसतो आणि त्याला मधोमध, बरोबर गोल बसण्याचे काही कारण नसते. तीच लेन्स घरातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्या न बदललेल्या कॅमेऱ्यावर लावून पाहा. तिथे चित्र निर्मळ आले तर लेन्स साफ करण्यात अर्थ नव्हता हे उघड होईल.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की दोष त्या दोघांच्या जोडीचा असतो. बहुतांश वाटा लेन्सचा असला तरी सेन्सरपुढची काच किती प्रकाश मागे फेकते यावरही डागाची तीव्रता ठरते, म्हणून एकाच लेन्सविषयी दोन माणसे दोन उलट मते मांडतात आणि दोघांचेही खरे असते. इंटरनेटवर चांगल्या-वाईट लेन्सच्या याद्या आहेत. त्या पाहाव्यात, पण तुमच्या कॅमेऱ्यावर, तुमच्या फिल्टरवर, प्रत्येक अॅपर्चरला (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे भोक; एफचा आकडा जितका मोठा तितके ते लहान) काय होते हे स्वतः तपासल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नये.

तपासणी सोपी आहे. साइनबोर्ड बनवणाऱ्याकडून दुधी अॅक्रिलिकचा हाताच्या पंजाएवढा तुकडा आणा. दिवसा गच्चीवर किंवा खिडकीत कॅमेरा मोकळ्या आकाशाकडे, सूर्याच्या उलट दिशेला वळवा आणि तो तुकडा लेन्सच्या तोंडाला टेकवून धरा. फोकस अनंतावर, आयएसओ सर्वांत कमी, व्हाइट बॅलन्स स्थिर आणि कॅमेरा अॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा, म्हणजे शटरचा वेग कॅमेरा बदलत राहील आणि सगळी चित्रे सारख्याच उजळपणाची येतील. मग सर्वांत मोठ्या अॅपर्चरपासून एफ/१६ पर्यंत एकेक स्टॉप, म्हणजे दर पायरीला प्रकाश निम्मा करत, उतरत जा. झूमसाठी हेच १८, ३५ आणि ५५ मिमीला करा. संगणकावर सगळ्या चौकटी शेजारी शेजारी मांडून कॉन्ट्रास्ट शेवटापर्यंत वाढवला की कोणत्या आकड्याला डाग जन्माला येतो हे एका नजरेत कळते.

ही तपासणी रात्री घरातल्या दिव्याखाली करू नका. मी पहिल्यांदा तसे केले आणि दोन तास वाया गेले, कारण हल्लीच्या पांढऱ्या एलईडी ट्यूबमधून ७२० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश जवळजवळ येतच नाही. माझ्या चौकटीत दाणेदार अंधारापलीकडे काहीच नव्हते. ऊन हवे, नाहीतर जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब हवा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मध्य उजळ आणि कोपरे काळपट दिसले की तो हॉटस्पॉटच असेल असे नाही, लेन्सचे कोपरे मुळातच थोडे काळवंडतात. दोन्हींतला फरक अॅपर्चर सांगते. कोपऱ्यांचा काळपटपणा अॅपर्चर पूर्ण उघडे असताना सर्वांत जास्त असतो आणि ते लहान करत गेले की ओसरतो. हॉटस्पॉटचे याच्या अगदी उलट असते: उघड्या अॅपर्चरला तो नसल्यासारखा असतो, आणि एफ/८, एफ/११ करत गेले की आवळत, घट्ट होत, कडा धरत जातो.

---

भिंगाचा अभ्यास (नौपाडा)

मी अनेक वर्षे महाविद्यालयात प्रकाशशास्त्र शिकवले आहे, म्हणून वरच्या प्रतिसादातल्या शेवटच्या मुद्द्यामागचे कारण थोडे सविस्तर लिहितो, कारण ते एकदा पटले की उपाय निवडणे सोपे जाते.

कोरी काच तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ४ टक्के प्रकाश प्रत्येक पृष्ठभागावरून परत फेकते. हे परावर्तन कमी करण्यासाठी काचेवर पातळ लेप देण्याची युक्ती १९३५ मध्ये झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी पेटंट केली. मॅग्नेशियम फ्लोराइडचा असा साधा लेप जेमतेम १०० नॅनोमीटर जाडीचा असतो, कारण हिरव्या प्रकाशाच्या, म्हणजे सुमारे ५५० नॅनोमीटरच्या तरंगलांबीचा पाव हिस्सा त्या पदार्थात तेवढाच भरतो. लेपाची जाडी तरंगलांबीशी बांधलेली असते, ही यातली कळीची गोष्ट आहे. लेन्स बनवणाऱ्याने ४०० ते ७०० नॅनोमीटरचा पट्टा सांभाळलेला असतो आणि आपण त्या पट्ट्याच्या कुंपणाबाहेर उभे राहून छायाचित्र घेतो. एकपदरी लेप तिथे कमजोर पडतो, तरी कोऱ्या काचेपेक्षा वाईट होत नाही. आधुनिक बहुपदरी लेप मात्र आपल्या पट्ट्यात फार उत्तम काम करतो आणि पट्टा संपल्यावर त्याचे परावर्तन झपाट्याने चढते, कधी कधी कोऱ्या काचेच्याही वर जाते. त्यामुळे नवी, महाग लेन्स अवरक्त प्रकाशात हरते आणि वडिलांच्या काळातली साधी लेन्स तरून जाते, असे घडू शकते.

आता थोडा हिशेब. भटका प्रकाश सेन्सरवर पोचण्यासाठी त्याला दोनदा परावर्तित व्हावे लागते, एकदा मागे आणि पुन्हा एकदा पुढे. प्रत्येक वेळी १ टक्का परावर्तन होत असेल तर दोन उड्यांनंतर ०.०१ टक्का उरतो आणि ४ टक्के होत असेल तर ०.१६ टक्के, म्हणजे सोळापट. भिंगांचे पाच सुटे गट असलेल्या साध्या ५० मिमी लेन्समध्ये हवेला लागून असलेले दहा पृष्ठभाग असतात आणि त्यांच्या जोड्या ४५ होतात. त्यांत सेन्सरची काच धरलेली नाही, जी स्वतःच एक चकचकीत आरसा आहे आणि शेवटच्या भिंगाकडे प्रकाश परत पाठवत राहते.

बहुतेक जोड्यांमधून आलेला प्रकाश चौकटभर पसरून जातो आणि आपल्याला जाणवत नाही. एखाद्या जोडीतून मात्र अॅपर्चरच्या भोकाचीच एक पुसट प्रतिमा सेन्सरच्या आसपास तयार होते. तुमचा डाग म्हणजे ती प्रतिमा, म्हणूनच तो गोल आणि मधोमध असतो. ढोबळ हिशेबाने पाहिले तर एफ/४ चे एफ/८ केल्यावर भोकाचे क्षेत्रफळ पावपट होते. चित्राचा प्रकाश पावपट होतो, भटका प्रकाशही एकूण पावपटच होतो, पण तो ज्या वर्तुळात पडतो त्याचे क्षेत्रफळही पावपट झालेले असल्यामुळे वर्तुळाचा उजळपणा होता तेवढाच राहतो. चित्र चारपट मंद झाले आणि डाग तसाच राहिला, म्हणजे चित्राच्या तुलनेत तो चारपट झाला. पुढे आपण शटर चारपट वेळ उघडे ठेवून चित्राची भरपाई करतो आणि त्याबरोबर डागही वर येतो.

नळीच्या आतल्या काळ्या रंगाचाही यात हात असू शकतो. डोळ्यांना काळे दिसणारे ते सगळे अवरक्त प्रकाशात काळे असतेच असे नाही. आपल्या कॅमेऱ्याने घरातली काळी छत्री, काळी ओढणी आणि कॅमेऱ्याची काळी बॅग उन्हात एकत्र ठेवून एक छायाचित्र घ्या. यांतल्या एकदोन वस्तू राखाडी नाहीतर पांढुरक्या दिसण्याची शक्यता पुष्कळ आहे, कारण कापड काळे करणारे अनेक रंग अवरक्त किरणांना पारदर्शक असतात. लेन्सच्या नळीतला रंगही तसाच निघाला तर तो प्रकाश शोषण्याऐवजी उधळतो.

---

ऐरोलीचा खाडीकाठ

वरची माहिती मोलाची आहे, परंतु ताईंना आधीच घेतलेली दोनशे छायाचित्रे वाचवायची आहेत. त्यासाठी फ्लॅट-फील्डसारखा दुसरा उपाय नाही. खगोल छायाचित्रण करणारे लोक हा उपाय रोज वापरतात. दुधी अॅक्रिलिकमधून त्याच लेन्सने, त्याच अॅपर्चरला आणि त्याच फोकल लांबीला घेतलेली कोरी चौकट संगणकाला द्यायची, संगणक मूळ छायाचित्राला त्या चौकटीने भागतो आणि जिथे चौकट उजळ होती तिथे छायाचित्र तेवढेच मंद होते. रॉथेरपी हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात रॉ विभागात ही सोय आहे आणि लाइटरूम क्लासिकमध्येही लायब्ररीच्या मेन्यूत ती आहे. कोरी चौकट थोडी धूसर करून वापरावी, म्हणजे अॅक्रिलिकवरची धूळ छायाचित्रात उतरत नाही.

मी ऐरोलीला खाडीच्या बाजूने तिवरांची छायाचित्रे घेतो. कोपऱ्यांचा काळपटपणा आणि हॉटस्पॉट असे दोन्ही या एकाच पायरीत निघतात. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवतो, की काही चौकटींत खाडीच्या पाण्यावर डागाचा अंश उरतो आणि त्याच चौकटीत तिवरांच्या पांढऱ्या पानोऱ्यावर उलट किंचित काळसर वर्तुळ येते. माझी कोरी चौकट नीट जमली नसावी, असे मी धरून चाललो आहे.

---

भिंगाचा अभ्यास (नौपाडा)

आपली कोरी चौकट बहुधा ठीकच असेल. भागाकार हीच इथे चुकीची क्रिया आहे, आणि आपण नोंदवलेले काळसर वर्तुळ हा त्याचा अगदी नेमका पुरावा आहे. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे.

कोपऱ्यांचा काळपटपणा हा गुणाकार आहे. कोपऱ्यात प्रकाश निम्मा पोचत असेल तर पांढऱ्या पानाचा निम्मा पोचतो आणि काळ्या पाण्याचाही निम्माच पोचतो, म्हणून भागाकाराने तो तंतोतंत दुरुस्त होतो. हॉटस्पॉट ही बेरीज आहे. संपूर्ण दृश्यातून आलेला भटका प्रकाश मधोमध साचतो आणि खाली पान आहे की पाणी आहे हे न पाहता सगळ्यांवर सारखाच चढतो.

आकड्यांत सांगतो. समजा, दृश्याचा सरासरी उजळपणा १०० आहे आणि भटका प्रकाश मध्यभागी ५ ची भर घालतो. झाडी २०० ची असेल तर ती २०५ होते, अडीच टक्क्यांचा हा फरक डोळ्याला कळत नाही. पाणी १० चे असेल तर ते १५ होते, म्हणजे दीडपट, आणि हा फरक लपत नाही. झाडीवर डाग तेवढाच आहे, फक्त तिच्या उजेडात तो बुडून जातो. आता कोरी चौकट घ्या. तिथे सगळीकडे १०० आणि मध्यभागी १०५ असेल, म्हणून संगणक मध्यभागाला १.०५ ने भागेल. झाडी २०५ वरून सुमारे १९५ वर येईल, म्हणजे असायला हवी त्यापेक्षा काळी, आणि पाणी १५ वरून १४.३ वर येईल, म्हणजे डाग जवळजवळ जसाच्या तसा. ५ वजा केले असते तर दोन्ही जागी बरोबर उत्तर आले असते.

यावरून सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या पट्टीला हात लावायचा हे ठरते. मध्यभागावर गोल, मऊ कडेचा मास्क टाकून पुष्कळ लोक एक्स्पोजर कमी करतात. एक्स्पोजर कमी करणे म्हणजे गुणाकारच, म्हणून त्या मास्कमध्ये पाणी अजून धुरकट आणि पाने मळकट दिसतात. त्याऐवजी त्याच मास्कमध्ये ब्लॅक्स (सर्वांत गडद भागांची पट्टी) खाली आणावेत आणि डीहेझ (धूसरपणा काढणारी पट्टी) थोडे वाढवावे, कारण या दोन्ही पट्ट्या तळाचा प्रकाश काढून घेण्याच्या, म्हणजे वजाबाकीच्या जवळ जातात. ज्यांना फोटोशॉपची सवय आहे त्यांनी कोऱ्या चौकटीवरून डागाचा आकार नीट पाहून घ्यावा, काळ्या थरावर तेवढाच मऊ पांढरा गोल तयार करावा, तो थर सबट्रॅक्ट पद्धतीने छायाचित्रावर ठेवावा आणि पाणी सपाट दिसेपर्यंत त्याची अपारदर्शकता हळूहळू वाढवावी. फाइल १६ बिटची असावी. किती वजा करायचे याचा ठरावीक आकडा नसतो, कारण भटका प्रकाश दृश्यात एकूण किती उजेड आहे यावर अवलंबून असतो. पांढऱ्या झाडीने भरलेल्या चौकटीत तो जास्त असेल, पाण्याने भरलेल्या चौकटीत कमी.

रंगीत अवरक्त छायाचित्रात लाल आणि निळ्या चॅनेलची अदलाबदल करणाऱ्यांनी ही वजाबाकी अदलाबदलीच्या आधी आणि प्रत्येक चॅनेलसाठी वेगळी करावी. तिन्ही चॅनेलमध्ये डाग सारख्या तीव्रतेचा नसतो, म्हणूनच अदलाबदल झाल्यावर आकाशाच्या मधोमध रंग बदललेला दिसतो, आणि तो नुसत्या उजळपणाच्या दुरुस्तीने जात नाही.

---

ऐरोलीचा खाडीकाठ

सर, मनापासून आभार. दोन वर्षे मी कोरी चौकट पुन्हा पुन्हा घेत राहिलो आणि दोष स्वतःच्या हातात शोधत राहिलो. काल रात्री जुनी एक चौकट काढून आधी फक्त कोपऱ्यांची दुरुस्ती केली आणि मग आपण सांगितल्याप्रमाणे वजाबाकी केली. तिवरांवरचे काळसर वर्तुळ गेले. पाण्यावर बारीक दाणे उरले आहेत, पण गोल कड राहिलेली नाही.

---

उपवनकाठी (ठाणे)

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी गच्चीवर जाऊन तपासणी केली, ती इथे नोंदवते. ५० मिमी लेन्स एफ/१.८ पासून एफ/४ पर्यंत स्वच्छ आहे, एफ/५.६ ला कॉन्ट्रास्ट शेवटापर्यंत वाढवल्यावरच पुसट गोल दिसतो, एफ/८ ला तो स्पष्ट होतो, आणि एफ/११ ला त्याची कड बोट ठेवून दाखवता येईल इतकी टणक आहे. उपवनची माझी जवळजवळ सगळी छायाचित्रे एफ/११ ची आहेत. निसर्गदृश्य म्हटले की एफ/११, हे मी शिकतानाच मनावर कोरून घेतले होते. १८-५५ झूम १८ आणि ३५ मिमीला एफ/८ पर्यंत निर्मळ आहे, ५५ ला एफ/११ च्या पुढे किंचित खराब होते. लेन्स न बदललेल्या कॅमेऱ्यावर लावली तर डाग अजिबात नाही, म्हणजे बुरशीचा विषय मिटला.

काळ्या कपड्यांचा प्रयोगही केला. माझी काळी सुती ओढणी जवळजवळ काळीच आली, पण पावसाळी छत्री फिकट राखाडी निघाली आणि कॅमेऱ्याची बॅग तर चक्क पांढुरकी. हे पाहून घरातली सगळी मंडळी कॅमेऱ्याच्या पडद्याभोवती जमली.

आता एकच शंका उरली आहे. ५० मिमीवर एफ/४ ने छायाचित्र घेतले तर काठावरच्या गवतापासून पलीकडच्या टेकडीपर्यंत सगळे रेखीव कसे येणार?

---

खारघरचा डोंगर

एफ/४ चा हिशेब करून पाहू. एपीएस-सी (बहुतेक साध्या डीएसएलआरमध्ये असतो त्या आकाराच्या) सेन्सरवर ५० मिमीला एफ/४ ठेवून साधारण ३१ मीटरवर फोकस केला तर १५-१६ मीटरपासून अनंतापर्यंत पुरेसे रेखीव येते. काठाजवळचे गवत चौकटीत नसेल आणि विषय पलीकडचा काठ असेल, तर याहून अधिक कशाची गरज नाही. गवत हवे असेल तर झूम घ्या. १८ मिमीला एफ/५.६ ठेवून तीन मीटरच्या आसपास फोकस केला की दीड मीटरपासून पुढचे सगळे रेखीव मिळते, आणि तुमच्याच नोंदीप्रमाणे तिथे डाग नाही. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, चित्र मोठे करून लावा. व्ह्यूफाइंडरमधून लावलेला फोकस बदललेल्या डीएसएलआरमध्ये चुकू शकतो, कारण तिथला फोकस मोजणारा भाग सेन्सरपासून वेगळा असतो आणि अवरक्त प्रकाशाचा फोकस दृश्य प्रकाशाच्या फोकसपासून थोडा सरकलेला असतो.

एफ/११ सोडताना हळहळ वाटू देऊ नका. अॅपर्चर लहान केल्यावर विवर्तनामुळे (प्रकाश भोकाच्या कडेशी वळून पसरल्यामुळे) येणारा मऊपणा तरंगलांबीबरोबर वाढतो. ७२० च्या फिल्टरमधून येणारा प्रकाश ढोबळमानाने ८०० नॅनोमीटर धरला तर एफ/८ ला बिंदूची चकती १५.६ मायक्रोमीटरची होते. ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात एफ/११ ला ती १४.८ मायक्रोमीटर असते. म्हणजे आपला एफ/८ हाच बाकीच्यांचा एफ/११ आहे, आणि आपला एफ/११ त्यांच्या एफ/१६ सारखा मऊ. रेखीवपणासाठीसुद्धा आपल्याला एफ/५.६ च्या आसपासच राहायचे आहे, डाग असो वा नसो.

---

गडकरी रंगायतनच्या मागे

दोन छोट्या गोष्टींची भर घालतो.

कधी कधी एफ/११ खरोखरच हवे असते. अशा वेळी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, फोकस न हलवता, एक चौकट एफ/४ ने आणि एक एफ/११ ने घ्यावी. दोन्हींचा उजळपणा सारखा ठेवावा. मग एफ/११ च्या चौकटीवर मधला गोल भाग तेवढा एफ/४ च्या चौकटीतून आणून मऊ कडेने बसवावा. निसर्गदृश्यात चौकटीच्या मध्यभागी बहुधा दूरचाच भाग असतो. फोकस त्या दूरच्या भागावर लावला असेल तर तो एफ/४ लाही रेखीव असतो, त्यामुळे जोड कळत नाही. वजाबाकीत उरणारे दाणेही यात उरत नाहीत, कारण त्या भागात भटका प्रकाश मुळात आलेलाच नसतो.

जुनी लेन्स विकत घ्यायची असेल तर बदललेला कॅमेरा सोबत घेऊन जा. मी फोर्टात बोरा बाजारात जातो तेव्हा दुकानदाराला विचारून लेन्स दारापर्यंत आणतो आणि रस्त्यावरच्या आकाशाकडे कॅमेरा धरून एफ/४ आणि एफ/११ अशा दोन चौकटी घेतो. दुकानाच्या आत ही परीक्षा होत नाही, तिथले दिवे एलईडीचे असतात आणि त्याचे कारण वर आलेलेच आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर डाग चटकन दिसत नाही, म्हणून चित्राची पद्धत कृष्णधवल आणि कॉन्ट्रास्ट सर्वांत जास्त करून ठेवतो. दोन मिनिटांचे काम आहे, आणि ओळख असली की दुकानदारही थांबतात.

---

उपवनकाठी (ठाणे)

काल पहाटे पुन्हा गेले होते, या वेळी मुद्दाम मासुंदा तलावावर, कारण तिथे चौकटीचा मध्य पाण्यावरच येतो आणि डाग लपायला जागा नाही. ५० मिमी, एफ/४, लाइव्ह व्ह्यूमध्ये पलीकडच्या काठावरच्या झाडांवर फोकस. पाणी कडेपासून मध्यापर्यंत एकसारखे काळे आले आहे, त्यावर एका होडीची रेघ आणि झाडांची पांढरी पडछाया. खात्रीसाठी लगेच एफ/११ ने तीच चौकट घेतली, तर त्या पडछायेच्या मधोमध गोल हजर.

जुन्या दोनशे छायाचित्रांपैकी मनापासून हवी असलेली बावीस निवडली आहेत. त्यांतल्या सहांवर सरांनी सांगितलेली वजाबाकी करून झाली आहे. चौघांत डाग पूर्ण गेला, दोघांत आकाशावर अजून किंचित सावट आहे, कारण तिथे ढगाची कड बरोबर डागावरून जाते आणि किती वजा करावे याचा अंदाज लागत नाही. त्या दोन जागांवर हवामान पाहून पुन्हा जाईन आणि एफ/४ ने घेईन. झूमची ५५ मिमीची नोंद आणि सगळ्या कोऱ्या चौकटींचे आकडे एका वहीत लिहून ती वही कॅमेऱ्याच्या त्या पांढुरक्या निघालेल्या बॅगेतच ठेवली आहे.